शिकवण्यापुरतं गाणं

दोन मिनिटांत काय होतं, सांगा बघू? चहासुद्धा धड उकळत नाही. पण आश्रमशाळेच्या त्या हेडमास्तरांनी दोन मिनिटांत एक वीस वर्षांचा संसार मोडायला आणला होता, आणि वर मलाच ऐकवत होते, "हलीमाबाई, नियम म्हणजे नियम." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. आता आठवलं की हसू येतं, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात टेपरेकॉर्डर घालायचाच तेवढा बाकी ठेवला होता मी.

आमचं जव्हारला लाऊडस्पीकरचं दुकान. लग्न असो, उरूस असो, पुढाऱ्याची सभा असो, कर्णा आमचाच. ही गोष्ट ब्याऐंशी सालची. माझा दीर अनीस मुंबईहून कॅसेटचा टेप घेऊन आला होता, आवाज भरून घेणारा. तेव्हा आमच्या भागात त्याचं कोण अप्रूप! माणसं नुसती स्वतःचं खोकणं ऐकायला दुकानात यायची. आमचे हे, नूरमोहम्मद, शिमगा झाला की घरात दिसायचेच नाहीत. लग्नसराईत कर्णे आणि बॅटऱ्या घेऊन आज मोखाडा, उद्या आणखी कुठे. त्यामुळे दुकान आणि टेप दोन्ही माझ्या गळ्यात. सुरुवातीला बटणांना हात लावायची भीती वाटायची, पुढे इतकी सवय झाली की हेच मला विचारायचे, "हलीमा, हा का गुरगुरतोय गं?"

बाजाराच्या दिवशी आमच्या पायरीवर चैती बसायची. खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरची. भाजी, मोहाची फुलं, कधी नागली, जे असेल ते विकायला आणायची आणि उरलेलं माझ्या पदरात टाकून जायची. तिचा नवरा फागू त्या आश्रमशाळेत कामाठी. कामाठी म्हणजे पाणी भरा, घंटा वाजवा, आणि हेडमास्तर म्हणतील ते करा. त्या दिवशी चैती आली ती तोंड पाडूनच.

"काय गं, कोण मेलं?" मी विचारलं.

"कोणी नाय. वेणूचं ठरलं. खोडाळ्याचाच पोऱ्या हाय. चांगला हाय."

"मग हे सुतक कशाला?"

"आमचंच नाय लागलं अजून," चैती म्हणाली. "आईबापाचं लागल्याबिगर पोरीचं कसं लावणार?"

आता पुण्याकडच्या माणसाला चक्कर येईल, पण आमच्या भागातल्या पाड्यांवर यात काही विशेष नव्हतं. दोघांनी घर मांडायचं, लेकरं व्हायची, आणि लग्न म्हणजे हळद, मांडव, जेवण, ते जमेल तेव्हा. कुणी नावं ठेवत नाही. फक्त एक गोष्ट पक्की. पोटच्या पोरीला हळद लावायची तर आधी स्वतःला लागलेली असली पाहिजे. आणि लग्न लागणं म्हणजे धवलेरीनं गाणं. त्यांच्याकडे भटजी नाही की आमच्यासारखा काझी नाही. धवलेरी म्हणून बाई असते, ती नवरानवरीसमोर गाणं म्हणते, ते पुरं झालं की लग्न लागलं.

"मग बोलवा की धवलेरीला!"

चैतीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला आठवलंच. त्या पाड्यांची धवलेरी म्हणजे कोंडी. आणि कोंडी म्हणजे फागूची सख्खी थोरली बहीण.

त्या दोघांचं ऐका. वीस वर्षांपूर्वी फागूनं चैतीला घरी आणलं ते बहिणीला न विचारता. आईबाप नव्हते, कोंडीनंच त्याला वाढवलेला. ती भर अंगणात म्हणाली, "मना पुसलंस?" हा म्हणाला, "बायको मी आणली, तुला काय पुसू?" ती म्हणाली, "मंग गाणंही तुझं तूच म्हण. तोंडानं मागशील तवा गाईन." झालं. त्या दिवसापासून अबोला. घरं एका बांधाच्या दोन बाजूंना, बरं का. काही सांगायचं असलं की कोंडी तिच्या शेळीला मोठ्यानं सांगायची, "ऐकलंस का गं, पाटाचं पाणी वळवायचं हाय." आणि फागू त्याच्या कुत्र्याला उत्तर द्यायचा, "वळव म्हणावं." दुसरी कुठली धवलेरी आणावी तर ती कोंडीच्या सख्ख्या भावाच्या दारात पाय ठेवायला तयार नाही. सगळे उपाय करून चैतीनं हात टेकले होते.

"त्याला म्हटलं, पोरीसाठी तरी एकदा जा. तर तो उठून लाकडं फोडाया गेला," चैती म्हणाली. "घरात आता दोन पावसाळे पुरतील येवढी लाकडं झालीत."

त्याच दुपारी हेडमास्तर दुकानात आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. घाटावरचा, सरळ, मुलांना जीव लावणारा. पण कागदाला भारी भिणारा. छापलेला कागद दिसला की त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांना टेप भाड्यानं हवा होता. वरून पत्रक आलं होतं की स्थानिक लोकसंगीताचे नमुने जमवून मुलांना वर्गात ऐकवा, महिन्याभरात साहेब तपासणीला येतील.

"पण अख्खं गाणं घ्यायचं नाही," ते म्हणाले. "शिक्षकांच्या शिबिरात आम्हाला बजावून सांगितलंय. संगीत हे कुणाच्या तरी मालकीचं असतं, हलीमाबाई. पूर्ण घेतलं तर चोरी. पण छोटा तुकडा घेतला, तोही फक्त शिकवण्यापुरता, आणि गाणाऱ्याचं नाव सांगितलं, तर तो अभ्यास."

"असं?" मी म्हटलं. "म्हणजे माझ्या दुकानातला बॅटरीचा सेल कुणी उचलला आणि म्हणाला, शिकण्यापुरता घेतला, तर?"

"सेल वेगळा."

"आणि छोटा म्हणजे केवढा?"

इथे हेडमास्तर जरा अडखळले. पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. "दोन मिनिटं. दोन मिनिटांच्या आत कुणी आपल्याला हात लावू शकत नाही." आणि त्यांना कोणतं गाणं हवं होतं म्हणता? धवलेरीचं. कोंडीचं. तिच्यासारखं दुसरं कुणी गात नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी पायरीकडे पाहिलं. चैती रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती आणि कान आमच्याकडेच होते. अल्लाची कसम, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. तिचा चेहरा पाहिला आणि सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं खोडाळ्याला गेले आणि तिथून पायी कोंडीकडे. ती अंगणात नागली पाखडत होती. मी म्हटलं, शाळेला तुझं गाणं हवंय, थोडंसंच, मुलांना शिकवायला. तिनं सूप खाली ठेवलं.

"थोडंसं?" ती म्हणाली. "थोडंसं लगीन असतं का कुठं?"

"गाणं थोडंसं, बाय. लग्न नाही."

"गाणं म्हणजेच लगीन. आन् म्होरं नवरानवरी नसली तर कुणाला ऐकवू? भिंतीला? रिकाम्या जागी म्हटलं तर ते गाणं कुणाच्याही घरात शिरतं. मना नाय जमणार."

मी मनात म्हटलं, आलीस का जागेवर! तोंडानं मात्र गरीब होऊन बोलले, "बरोबर आहे. मी हेडमास्तरांना सांगते, नवरानवरी उभी करा."

"पोरंटोरं नको हां. त्यांचं लगीन लागून बसेल."

"नाही, नाही. मोठी माणसं बघू. शाळेतलाच कुणीतरी."

कोंडीनं सूप पुन्हा उचललं. मग शेळीकडे बघून म्हणाली, "कोणी का उभं राहीना. मना शाळेनं बोलावलं, मी शाळेसाठी गाणार." आणि मी निघाले तेव्हा मागून हाक मारून विचारलं काय, तर चैतीकडे धड एक लुगडं तरी आहे का!

हेडमास्तरांना पटवणं तर पाणी पिण्याइतकं सोपं. मी म्हटलं, गाणारी म्हणते समोर जोडपं हवं. ते खूश. म्हणाले, "प्रात्यक्षिकच होईल! आपला फागू आहे की. कर्मचारीच आहे, सांगितलं की उभा राहील. त्याच्या बायकोलाही बोलवा." फागूला त्यांनी हुकूम सोडला. फागूला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण साहेबांची ऑर्डर म्हटल्यावर त्याला कुणाकडे काही मागायची गरज नव्हती. बहिणीला शाळेनं बोलावलं, भावाला शाळेनं उभं केलं. दोघांचंही नाक वर राहिलं आणि मधल्या मधे चैतीचं काम होणार होतं. मला स्वतःचं एवढं कौतुक वाटत होतं की घरी येऊन मी एकटीनं जिलबी खाल्ली.

ठरल्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन शाळेत पोचले तर सगळा पाडा हजर. धुतलेले कपडे, डोक्याला तेल, बायकांच्या केसांत फुलं. सातवीच्या वर्गातला नकाशा काढून भिंत गेरूनं सारवलेली आणि त्यावर सवाष्णींनी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढलेला. दाराशी वेणू हळदीची वाटी घेऊन उभी. मागे कुठेतरी भाताची पातेलीसुद्धा चढलेली. सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे. एक हेडमास्तर सोडून. ते इकडून तिकडे धावत होते आणि मला म्हणत होते, "काय हा लोकसहभाग, हलीमाबाई! एका नमुन्यासाठी एवढी माणसं!"

फागूला त्यांनी खाकी गणवेश उतरवू दिला नाही. कामावर आहे म्हणे. त्यामुळे खाकी सदरा, खाकी चड्डी आणि कपाळाला बाशिंग, असा नवरदेव उभा राहिला. शेजारी चैती नव्या लुगड्यात. तिच्या पदराला त्याच्या उपरण्याची गाठ मारलेली. चाळिशीला टेकलेली बाई, पण लाजत होती हो! मलाच भरून आलं. कोंडी समोर पाटावर बसली. भावाकडे तिनं बघितलं नाही. भावानं छताकडे बघितलं.

हेडमास्तरांनी आधी भाषण केलं, गाणारीचं नाव सांगितलं, हेतू फक्त शैक्षणिक आहे हेही सांगितलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

कोंडी गायला लागली. काय सांगू तुम्हाला! मी इतकी लग्नं पाहिली, इतके बँड, इतकी कव्वाली ऐकली, पण तसा आवाज नाही. ती चढवत नव्हती, सजवत नव्हती. नुसती एकेकाला हाका मारत होती, जमिनीला, डोंगराला, पाण्याला, या म्हणून, लग्नाला या. खोलीतली कुजबुज थांबली. चैतीनं डोळे मिटले. अजून नवरानवरीची नावं यायची होती, ती फार पुढे येतात. आणि इकडे हेडमास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"बस! थांबा!"

कोंडीचा सूर अर्ध्यातच तुटला. मी घाबरून टेप बंद केला.

"उत्कृष्ट," हेडमास्तर म्हणाले. "अगदी बरोबर दोन मिनिटं. सर्वांचे आभार. फागू, सतरंजी उचल."

कुणी जागचं हललं नाही. मग मागून एक म्हातारी रडायलाच लागली. मी विचारलं, काय झालं? तर कळलं की हे न लागलेल्या लग्नापेक्षा वाईट. गाणं मध्येच तुटलं म्हणजे ती दोघं ना इकडची ना तिकडची. कोंडीनंच भिंतीकडे बघत सांगून टाकलं, "आता गाणं पुरं होईस्तवर ह्यांनी एका चुलीवरचं खायचं नाय. एका छपराखाली निजायचं नाय." वीस वर्षं बिनलग्नाचं सगळं चाललं होतं. अर्ध्या लग्नानं घर बंद झालं.

माझं डोकं फिरलं. "अहो सर, गाऊ द्या ना तिला पुढं! काय आभाळ कोसळतंय?"

"हलीमाबाई, नियम म्हणजे नियम. पूर्ण गाणं घेतलं तर तो नमुना राहत नाही."

"मग घेऊ नका! हा बघा टेप बंद. आता तरी गाऊ द्या."

हेडमास्तरांनी विचार केला. त्यांना खरोखर कुणाचं वाईट करायचं नव्हतं. "टेप बंद असेल तर माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण मग तो शाळेचा कार्यक्रम नव्हे. जो काही असेल तो त्यांचा खासगी."

माझा जीव भांड्यात पडला. मी कोंडीकडे वळले. "झालं बाय. आता गा तू. पुरं गा."

कोंडीनं पदर नीट केला. "कुणाच्या सांगण्यावरून?" ती म्हणाली. "मना शाळेनं बोलावलं. शाळा म्हणते, बस. मंग आता मना गायाला कोण सांगतो?"

या अल्ला! माझी सगळी हुशारी तिथेच मातीत गेली. शाळेच्या आडून दोघं गुपचूप जवळ येणार होती, आणि शाळेनं दोन मिनिटांत अंग काढून घेतलं. मधे आता कुणी उरलंच नव्हतं. वीस वर्षांपूर्वी अंगणात उभे होते तसे भाऊबहीण समोरासमोर. सगळी खोली फागूकडे बघायला लागली. फागू दाराबाहेरच्या घंटेकडे बघत होता. तिचा टोल द्यायची वेळ झाली असती तर बरं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"अरे बोल ना बाबा," कुणीतरी म्हणालं.

आणि मग चैती बोलली. वीस वर्षांत त्या बाईचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता.

"ही शेळीसंगं बोलते आन् हा कुत्र्यासंगं," ती म्हणाली. "माझ्यासंगं कोण बोललं कधी? मना कुणी पुसलं, तुला काय पायजे? माझी पोर तिथं हळद घेऊन उभी हाय. तिचं लगीन मोडायला हवं काय तुमच्या दोघांचा राग राहावा म्हणून?" तिनं गाठीला हात घातला. "आता बोल, नायतर ही गाठ मी सोडते आन् आयेच्या घरी जाते. अर्ध्या लग्नाची बाई म्हणतील. म्हणूं दे. पर मी जाईन."

ती खरंच सोडायला लागली. गाठ घट्ट होती, सुटत नव्हती. फागूनं तिचा हात धरला. बाशिंग कपाळावरून तिरकं झालं होतं.

"बाय," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "बाय, गा."

एवढंच. दोन शब्द. मोठ्यानंही नाही. कर्ण्यावर ओरडणारे पुढारी मी जन्मभर ऐकले, त्यांच्यातल्या एकाच्याही बोलण्यात एवढं वजन नव्हतं.

सगळ्यांनी कोंडीकडे पाहिलं. कोंडीनं तोंड उघडलं. आणि आवाजच नाही! हवा नुसती. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. डोळ्यांतून धारा लागलेल्या, हनुवटी हलतेय, पण गाणं काही येईना.

"आता तुला काय झालं?" चैती कळवळून ओरडली. "त्यानं मागितलं ना!"

"गेलं," कोंडी कशीबशी बोलली. "कुठं होते मी? गेलं गाणं."

पहिल्यापासून सुरू कर म्हणावं तर तेही नाही. ते म्हणे दुसरं लग्न होतं, त्याला दुसरा दिवस, दुसरा चौक. जिथे तुटलं तिथूनच जोडलं पाहिजे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी मुकाट्यानं टेप उचलला आणि कॅसेट मागे घेतली.

"हलीमाबाई, ही शाळेची ध्वनिफीत आहे," हेडमास्तर म्हणाले. "हिचा उपयोग फक्त शिकवण्यासाठी..."

"मग शिकवतेच आहे ना!" मी त्यांच्यावर खेकसले. "तिचं गाणं तिला शिकवतेय. तुकडा छोटाच आहे, नाव तिचंच आहे, अजून काय हवं तुमच्या पत्रकाला?"

मी बटण दाबलं. कोंडीचा आवाज टेपमधून यायला लागला, जमिनीला, डोंगराला हाका मारत. कोंडी कान लावून ऐकत होती, दुसऱ्याच कुणा बाईचं ऐकावं तशी. शेवट आला आणि टेप हेडमास्तरांच्या आवाजात केवढ्यानं ओरडला, "बस! थांबा!" खोलीतली लेकरं दचकली. मी पुन्हा लावला. पुन्हा "बस! थांबा!" तिसऱ्या वेळी तो "बस" येतो न येतो तोच कोंडीनं त्याच्यावरूनच सूर उचलला आणि पुढे निघाली.

मग मात्र कुणी घड्याळ बघितलं नाही. दुपार कलेपर्यंत गात होती. नावं आली तेव्हा फागूचं नाव तिनं घेतलं आणि तिथे थोडी थांबली, मग चैतीचं घेतलं. वेणूनं आईबापाला हळद लावली. हेडमास्तर शेवटपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले, डोळे पुसताना मी स्वतः पाहिलं त्यांना. आणि तरीही संध्याकाळी काय केलं असेल त्या माणसानं? फागूची पहिली दोन मिनिटं शासकीय कामात धरली आणि बाकीचं लग्न त्याच्या किरकोळ रजेत टाकलं. मी हसावं की रडावं!

पुढे महिनाभर साहेब येणार म्हणून तो तुकडा रोज वर्गात वाजायचा. लेकरांनी तो तोंडपाठ केला, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. शेवट म्हणजे कुठला, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तपासणीच्या दिवशी साहेबांनी डोलत डोलत ऐकलं आणि विचारलं, "उत्तम. पण शेवटी तो पुरुषाचा आवाज कसला?"

"पारंपरिक आहे, साहेब," हेडमास्तर म्हणाले. साहेबांनी शेरा मारला, समाधानकारक.

वैशाखात वेणूचं लग्न निघालं. कोंडीला सांगायला फागू स्वतः बांध ओलांडून गेला होता, असं चैतीनं मला पायरीवर बसून चारचारदा सांगितलं. कर्णा आम्ही फुकट दिला. हेडमास्तर पांढरी टोपी घालून आले होते. शाळेला सुट्टी, त्यामुळे सगळी लेकरं मांडवात, कोंडीच्या अगदी पुढ्यात बसलेली. कोंडीनं गाणं धरलं, आणि पोरं खालच्या आवाजात तिच्याबरोबर म्हणायला लागली. तिला मोठं कौतुक वाटलं. गाणं रंगलं, आणि नेमकं त्या जागी सगळ्या पोरांनी एका सुरात ठोकून दिलं, "बस! थांबा!"

कोंडी थांबली. हेडमास्तरांचे कान लाल झाले. माझ्याकडे वाकून म्हणाले, "हे आम्ही शिकवलेलं नाही हो."

"तुम्हीच शिकवलंत, सर," मी म्हटलं.

पोरांना कुणी रागवावं, तोवर मागून आवाज आला. फागू पाण्याची घागर घेऊन पाहुण्यांना पाणी देत होता. ती तशीच खांद्यावर ठेवून तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "गा, बाय! गा तू!" कुणी सांगितलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. कोंडी हसली आणि गायला लागली. आता तर त्या पाड्यांवर ही रीतच होऊन बसलीय. पोरं बस म्हणतात, धवलेरी थांबते, आणि नवरीच्या बापानं गा म्हटल्याशिवाय पुढचं गाणं निघत नाही.

चैती माझ्या शेजारी बसली होती. पोरांच्या ओरडण्यावर ती पोट धरून हसत होती, आणि फागूचा आवाज आला तशी हसायची थांबली. माझा हात तिनं एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"येवढंच होतं, हलीमाबाय," ती म्हणाली. "येवढंच बोलायचं होतं त्याला." आणि स्वतःच्या लग्नात डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई भर मांडवात हमसून हमसून रडली. लोकांना वाटलं, पोरगी सासरी चाललीय म्हणून रडतेय.